बेकारभत्ता घेणाऱ्याला अटी घालाव्यात का? रंगपूरमध्ये जन्मलेल्या एका माणसाने यावर आयुष्य घालवलं

बेकार माणसाला सरकारने पैसे द्यावेत का? आणि द्यायचेच असतील तर तो खरंच काम शोधतोय की घरी लोळतोय, हे कसं ओळखायचं?

सोशल मीडियावर हा वाद दर काही महिन्यांनी पेटतो. एक गट म्हणतो, फुकटचं मिळालं की माणूस आळशी होतो, अटी कडक करा. दुसरा गट म्हणतो, नोकऱ्याच नाहीत तर अटी कसल्या घालता? दोन्हीकडचे तावातावाने भांडतात आणि दोन दिवसांनी विषय बदलतो.

पण शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने हा प्रश्न हातात घेतला आणि जवळपास चाळीस वर्षं सोडला नाही. सुरुवातीला तो कडक अटीवाल्यांच्याही चार पावलं पुढे होता. शेवटी मात्र त्याने एक असा हिशेब मांडला, की अट फक्त बेकारावर नाही, सरकारवरही बसते.

त्यांचं नाव विल्यम बेव्हरिज. ब्रिटनच्या कल्याणकारी राज्याचा आराखडा लिहिणारे हेच ते बेव्हरिज. आणि त्यांचा जन्म झाला होता आपल्याकडे, बंगालात.

अकबरनामा आणि बाबरनामाच्या घरातला मुलगा

५ मार्च १८७९. बंगाल प्रांतातलं रंगपूर. आज हे गाव बांगलादेशात आहे. तिथे हेन्री बेव्हरिज नावाचे इंग्रज अधिकारी न्यायखात्यात होते. हिंदुस्थानी लोकांनाच त्यांचा कारभार सोपवला पाहिजे असं मानणारे जे थोडे इंग्रज अधिकारी होते, त्यातले ते एक. त्यांची बायको ॲनेट १८७२ साली मुलींच्या शिक्षणासाठी कलकत्त्याला आली होती. तिने तिथे हिंदू महिला विद्यालय काढलं होतं.

नवराबायको दोघंही भाषांचे वेडे. हेन्री यांनी अकबरनामा फारसीतून इंग्रजीत आणला. ॲनेट यांनी उतारवयात तुर्की शिकून बाबरनामाचं भाषांतर केलं. आजही इतिहासाचे विद्यार्थी ते वापरतात.

अशा घरातला विल्यम इंग्लंडमध्ये शिकला. चार्टरहाऊस शाळा, मग ऑक्सफर्डचं बॅलिअल कॉलेज. गणित आणि अभिजात भाषांमध्ये पहिला वर्ग. पुढे वकिली करायची, असा सरळ रस्ता होता.

पण बॅलिअलचे प्रमुख एडवर्ड केअर्ड आपल्या हुशार पोरांच्या डोक्यात एक प्रश्न सोडून द्यायचे. इंग्लंडमध्ये एवढी संपत्ती आहे, तरी एवढी गरिबी का, हे जाऊन शोधा. बेव्हरिज यांनी ते मनावर घेतलं. वकिली सोडून १९०३ साली ते लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल नावाच्या संस्थेत राहायला गेले. शिकलेल्या तरुणांनी गरीब वस्तीत राहून काम करायचं, अशी ती संस्था. वडिलांना हा निर्णय काही पटला नव्हता.

गोदीच्या दारात रोज सकाळी

त्या काळात बेकारीचं कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं. माणूस आळशी आहे, दारू पितो, त्याला कामाची सवय नाही.

इंग्लंडचा कायदाही त्याच विचारावर उभा होता. १८३४ च्या गरिबांच्या कायद्यानुसार धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये जायचं. तिथे नवरा, बायको, पोरं वेगवेगळी ठेवायची. जेवण आणि राहणं मुद्दाम असं ठेवायचं, की बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराचं आयुष्यही त्याहून बरं वाटावं. नियमामागचा हिशेब सोपा होता. इतकं हलाखीचं ठेवलं तर जो खरंच अडलेला आहे तोच येईल.

ईस्ट एंडमध्ये बेव्हरिज यांना मात्र वेगळंच दिसलं. लंडनच्या गोद्यांवर रोज सकाळी दारात माणसांची झुंबड उडायची. आपल्याकडे मजूर अड्ड्यावर असते तशीच. मुकादम यायचा, हवी तेवढी माणसं उचलायचा, बाकीचे रिकाम्या हाताने परत. ज्याला आज काम मिळालं त्याला उद्या मिळेल याची खात्री नाही.

बेव्हरिज यांनी आकडे गोळा केले. त्यातून कळलं ते असं. प्रत्येक धक्क्याला गर्दीच्या दिवशी माणसं कमी पडू नयेत म्हणून आपल्या दारात जादा माणसं उभी राहिलेली हवी असायची. असे अनेक धक्के. त्यामुळे सगळे मिळून लागणाऱ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त माणसं कायम दारात ताटकळत असायची. कुणीच पूर्ण बेकार नाही आणि कुणालाच पूर्ण काम नाही.

म्हणजे दोष माणसाच्या स्वभावात कमी आणि धंद्याच्या रचनेत जास्त होता. १९०९ साली त्यांचं बेकारीवरचं पुस्तक आलं, तेव्हा त्यांनी नावातच सांगून टाकलं की हा उद्योगाचा प्रश्न आहे.

पण तरुण बेव्हरिज फार कडक होते

इथपर्यंत वाचून वाटेल, की माणूस पहिल्यापासून गरिबांचा कैवारी होता. तसं अजिबात नव्हतं.

बेव्हरिज यांचं म्हणणं होतं की कामाची जुळणी नीट केली तर गोदीवर थोड्या माणसांना पूर्ण वेळ काम मिळेल. मग उरलेल्यांचं काय? त्यातले काही दुसऱ्या धंद्यात जातील. आणि जे कुठेच टिकणार नाहीत, त्यांच्यासाठी त्यांनी त्या काळात एका निबंधात जे सुचवलं ते आज वाचताना अंगावर काटा येतो. अशा माणसांना सरकारने सांभाळावं, पण त्यांचे नागरिक म्हणून असलेले हक्क काढून घ्यावेत. मतदानाचा हक्क तर जावाच, शिवाय मोकळेपणाने फिरण्याचा आणि बाप होण्याचाही.

त्या काळात असा विचार करणारे ते एकटे नव्हते. डावे म्हणवणारे कित्येक जण हेच बोलत होते. पण ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा प्रवास इथून सुरू होतो.

एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचा जन्म

१९०७ साली बेव्हरिज जर्मनीला गेले. तिथे शहरोशहरी कामाची नोंदणी करणारी कार्यालयं होती. कोणत्या कारखान्यात जागा रिकामी आहे आणि कोण काम शोधतंय, याची एकाच ठिकाणी नोंद. त्यांना हवं ते सापडलं होतं.

तेव्हा ते मॉर्निंग पोस्ट या वर्तमानपत्रात अग्रलेख लिहीत होते. सिडनी आणि बिॲट्रिस वेब या जोडप्याने त्यांची गाठ एका तरुण मंत्र्याशी घालून दिली. तो मंत्री म्हणजे विन्स्टन चर्चिल. तेव्हा चर्चिल लिबरल पक्षात होते आणि व्यापार खातं सांभाळत होते. १९०८ साली बेव्हरिज त्यांच्या खात्यात रुजू झाले. पुढच्या वर्षी कायदा झाला आणि १ फेब्रुवारी १९१० ला ब्रिटनभर साठेक लेबर एक्स्चेंज एकदम उघडली. चार वर्षांत त्यांची संख्या चारशेच्या वर गेली.

आता एक्स्चेंज म्हणजे नुसतं नोकरी लावून देणारं ऑफिस असं वाटतं. बेव्हरिज यांच्या डोक्यात त्याचं दुसरं काम तितकंच महत्त्वाचं होतं. माणूस खरंच कामाला तयार आहे का, हे तपासायचं कसं? त्याला वर्कहाऊसमध्ये डांबून? नाही. त्याच्या हातात काम ठेवून. एक्स्चेंजने नोकरी समोर ठेवली आणि त्याने नाकारली, तर कळलं. नोकरीच समोर ठेवता आली नाही, तर त्या माणसाबद्दल काहीच कळलं नाही.

ही साधी गोष्ट त्यांनी आयुष्यभर धरून ठेवली.

सात शिलिंग आणि दारूचा वाद

१९११ साली दुसरं पाऊल पडलं. बेकारीचा विमा. जहाजबांधणी, इंजिनिअरिंग, बांधकाम अशा मोजक्या धंद्यांतल्या साधारण साडेबावीस लाख कामगारांना तो लागू झाला. कामगाराने आठवड्याला अडीच पेन्स भरायचे, मालकाने तितकेच, आणि सरकारने त्यात भर घालायची. काम गेलं की आठवड्याला सात शिलिंग. वर्षाला जास्तीत जास्त पंधरा आठवडे.

इथेच अटींचा पहिला मोठा वाद झाला. दारू पिऊन नोकरी घालवणाऱ्याला भत्ता द्यायचा का? चर्चिल यांचं मत होतं, द्यायचा. त्याने हप्ते भरलेत ना, मग विमा हा विमा आहे, नीतिमत्ता त्यात घुसवू नका. खात्याचे वरिष्ठ अधिकारी ह्युबर्ट लेवेलिन स्मिथ यांना ते मान्य नव्हतं.

शेवटी अधिकाऱ्यांचं चाललं. गैरवर्तनामुळे काढलेल्याचा किंवा कारण नसताना नोकरी सोडणाऱ्याचा भत्ता सहा आठवडे बंद, असा नियम झाला. पण त्याच कायद्यात कामगाराच्या बाजूचीही एक अट होती. जिथे संप चालू आहे तिथली जागा त्याने घ्यायलाच पाहिजे असं नाही. आणि त्या भागात चालू असलेल्या दरापेक्षा कमी पगाराची नोकरी नाकारली तरी भत्ता जाणार नाही.

म्हणजे अट होती, पण मालकांनी तिचा फायदा घेऊन मजुरी पाडू नये याची सोयही होती.

काम शोधतोस हे सिद्ध कर

पहिलं महायुद्ध संपलं आणि सगळं गणित कोलमडलं. १९२० साली विमा बहुतेक कामगारांना लागू झाला आणि लगेच मंदी आली. जहाजबांधणी, कोळसा, कापड, सगळे जुने धंदे बसले. पंधरा आठवड्यांच्या विम्याची माणसं वर्ष वर्ष बेकार राहू लागली. सरकार मुदत वाढवत गेलं आणि फंड कर्जात बुडत गेला.

मग आल्या कडक अटी.

१९२१ साली नियम आला की आपण मनापासून पूर्ण वेळ काम शोधतोय हे अर्जदारानेच सिद्ध करायचं. पुढे हा नियम आणखी पसरला. प्रत्यक्षात व्हायचं काय, तर माणूस बंद पडलेल्या कारखान्यांच्या दारोदार हिंडायचा, काम नाही हे त्याला आणि मालकाला दोघांनाही माहीत असायचं, पण हिंडला नाही तर भत्ता बंद. किती ठिकाणी गेलास, कधी गेलास, कुणाला भेटलास, असले प्रश्न. या एका नियमावर लाखो अर्ज फेटाळले गेले. शेवटी १९३० साली मजूर पक्षाच्या सरकारने तो काढून टाकला.

पण १९३१ च्या आर्थिक संकटात त्याहून अवघड गोष्ट आली. पुरुषाचा भत्ता १७ शिलिंगवरून १५ शिलिंग ३ पेन्सवर आणला. आणि ज्यांची विम्याची मुदत संपली, त्यांच्यासाठी मीन्स टेस्ट लागू केली. म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या मिळकतीची झडती. मुलगा कमवतो का, म्हाताऱ्याला पेन्शन येते का, बचत किती, घरात विकण्यासारखं काय आहे. मुलगा कमवायला लागला की बापाचा भत्ता कापला जायचा. मग पोरगं घर सोडून दुसरीकडे खोली घ्यायचं. या मीन्स टेस्टचा राग ब्रिटनच्या कामगार वस्त्यांमध्ये दोन पिढ्या टिकला.

दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी सरकारने कॅम्पही काढले होते. माणसं आडबाजूच्या शिबिरात पाठवायची, साधारण बारा आठवडे झाडं तोडणं, खड्डे खणणं, रस्ते करणं अशी कामं द्यायची. हेतू असा की बसून बसून सैल झालेलं शरीर पुन्हा कामाला लागावं. शरीर कामाला लागलंही असेल, पण शिबिरातून बाहेर पडल्यावर नोकरी लागली ती फार थोड्यांना. कारण गावातला कारखाना बंद तो बंदच होता.

१९३३ च्या सुरुवातीला नोंदलेले बेकार तीस लाखांच्या आसपास होते. १९३६ साली जॅरो गावातून दोनशे माणसं लंडनपर्यंत चालत गेली. गावातली जहाजगोदी बंद पडली होती, त्यांना भत्ता नको होता, काम हवं होतं.

आणि बेव्हरिज काय करत होते?

या काळात ते सरकारी नोकरीत नव्हते. १९१९ ते १९३७ ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. त्यांच्याच कारकिर्दीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली तिथे परत आले आणि १९२३ साली त्यांनी तिथून डी. एस्सी. मिळवली. छोट्या शाळेसारखी असलेली ही संस्था जगात नावाजली गेली ती बेव्हरिज यांच्या काळात. त्यांचा स्वभाव मात्र हुकूमशाहीचा, त्यामुळे प्राध्यापकांशी खटके कायमचे.

बेकारीबाबत ते तेव्हाही सरकारी मदतीच्या बाजूने झुकलेले नव्हते. १९३० साली त्यांनी आपलं जुनं पुस्तक वाढवून पुन्हा काढलं. त्यात त्यांची तक्रार होती की हप्ते आणि भत्ता यांचं नातं तुटलंय, विमा राहिला नाही, नुसती खिरापत झाली. बेमुदत भत्ता मिळतो म्हणून मालक, कामगार आणि सरकार तिघंही हातपाय हलवत नाहीत, असं त्यांना वाटत होतं.

१९३४ साली सरकारने बेकारी विम्याच्या फंडावर देखरेख ठेवायला समिती नेमली आणि बेव्हरिज तिचे अध्यक्ष झाले. दहा वर्षं त्यांनी ती सांभाळली. दरवर्षी आकडे समोर यायचे. त्यात दिसायचं की ज्या गावात कामच नाही, तिथे अटी कितीही कडक करा, बेकारांची संख्या हलत नाही. आणि जिथे नवे कारखाने निघतात, तिथे कालपर्यंत ज्यांना कामचुकार म्हटलं जायचं ती माणसं कामावर हजर होतात.

मग युद्ध आलं. काही महिन्यांत देशाला प्रत्येक हात लागू लागला. दहा-दहा वर्षं बेकार बसलेली माणसं कारखान्यात गेली. कामाला नालायक म्हणून ज्यांच्यावर शिक्का मारला होता, तो वर्गच जवळपास दिसेनासा झाला. तरुण बेव्हरिज यांच्या त्या जुन्या निबंधाला याहून मोठं उत्तर असू शकत नव्हतं.

टाळायला दिलेलं काम, देश हलवणारा रिपोर्ट

युद्धात मनुष्यबळाचं नियोजन आपल्याकडे यावं अशी बेव्हरिज यांची फार इच्छा होती. पण मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांना हा हेकट माणूस आपल्या खात्यात नको होता. १९४१ साली त्यांना विम्याच्या वेगवेगळ्या योजनांचा आढावा घेणाऱ्या एका समितीवर पाठवून दिलं. आपल्याला बाजूला सारलंय हे त्यांना कळलं आणि डोळ्यात पाणी आलं, असं सांगतात.

समितीतले बाकी सगळे सरकारी अधिकारी. रिपोर्ट स्फोटक होतोय हे दिसल्यावर सरकारने ठरवलं की सही फक्त बेव्हरिज करतील. म्हणजे जबाबदारी त्यांची एकट्याची.

डिसेंबर १९४२ च्या सुरुवातीला रिपोर्ट आला. नाव एकदम रुक्ष, सोशल इन्शुरन्स अँड अलाइड सर्व्हिसेस. पण तो घ्यायला सरकारी प्रकाशनांच्या दुकानाबाहेर रांगा लागल्या. मूळ रिपोर्ट आणि त्याची छोटी आवृत्ती मिळून सहा लाखांवर प्रती गेल्या. गरिबी, आजार, अज्ञान, घाण आणि रिकामपण या पाच राक्षसांशी लढायचं, अशी त्याची मांडणी होती. एकच हप्ता, एकच विमा, जन्मापासून मरणापर्यंत.

हे सगळ्यांना माहीत असतं. पण दीर्घकाळ बेकार असलेल्यांबद्दल त्यात काय होतं, हे फारसं सांगितलं जात नाही. आणि खरी मजा तिथेच आहे.

बेव्हरिज यांचा हिशेब

पहिली गोष्ट. भत्त्याला मुदत नको. माणूस जितके दिवस बेकार आहे तितके दिवस भत्ता, तोही पूर्ण दराने. बेकारी लांबली म्हणून पोट लहान होत नाही, गरज वाढतेच.

दुसरी गोष्ट. मीन्स टेस्ट नको. हप्ते भरलेत, हक्क आहे. घरात कोण काय कमवतं हे विचारायचं नाही.

तिसरी गोष्ट. पण बिनशर्तही नको. ठराविक काळानंतर भत्ता चालू ठेवायचा असेल तर कामाच्या किंवा प्रशिक्षणाच्या केंद्रात जाणं सक्तीचं. वर्षानुवर्षं काही न करता भत्ता घेत राहिलं तर माणूस खचतो, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि जे चोरून कुठे काम करत असतील ते या अटीमुळे आपोआप उघडे पडतील.

हा काळ किती? मोठ्या माणसांसाठी सरासरी सहा महिने ठीक, असं त्यांनी सुचवलं. तरुणांसाठी त्याहून कमी. अगदी कोवळ्या पोरांना तर बिनशर्त भत्ता शक्यतो देऊच नये, थेट प्रशिक्षणाला पाठवावं.

आता चौथी गोष्ट, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. हे सहा महिने दगडावरची रेघ नव्हती. नोकऱ्या भरपूर असतील तेव्हा ही मुदत कमी करा. मंदी असेल तेव्हा वाढवा.

नीट बघा, आपण सहसा उलटं करतो. मंदी आली, खर्च वाढला की अटी कडक करा, अशी ओरड होते. बेव्हरिज यांचं म्हणणं नेमकं विरुद्ध होतं. काम उपलब्ध असताना अट कडक केली तर ती काहीतरी तपासते. काम नसताना कडक केली तर ती फक्त छळते.

आणि म्हणूनच त्यांनी रिपोर्टच्या पायाशी एक गृहीतक ठेवलं. सरकार मोठी बेकारी होऊ देणार नाही. कारण बेकारीची खरी परीक्षा एकच, कामाची ऑफर. लाखो माणसांना देण्यासाठी कामच नसेल तर ही परीक्षा घेताच येत नाही, आणि लाखोंना प्रशिक्षण देऊन पाठवायचं तरी कुठे? अट बेकारावर घालायची असेल तर तिचा दुसरा अर्धा भाग सरकारने पाळायला हवा.

१९४४ साली त्यांनी पूर्ण रोजगारावर वेगळं पुस्तकच लिहिलं. पूर्ण रोजगाराची त्यांची व्याख्या सरळ होती. काम शोधणाऱ्या माणसांपेक्षा रिकाम्या जागा जास्त हव्यात. आणि त्या जागा माणसाला परवडेल अशा पगाराच्या आणि त्याला पोचता येईल अशा ठिकाणी हव्यात. बेकारी तीन टक्क्यांपर्यंत खाली आणता येते, असा त्यांचा अंदाज होता. तेव्हा बऱ्याच अर्थतज्ज्ञांना तो फार आशावादी वाटला. युद्धानंतरची वीसेक वर्षं ब्रिटनमध्ये बेकारी त्याहूनही खाली राहिली.

सरकारने घेतलं काय, सोडलं काय?

१९४४ साली बेव्हरिज लिबरल पक्षाकडून खासदार झाले आणि १९४५ च्या निवडणुकीत हरले. ज्या रिपोर्टच्या लाटेवर मजूर पक्ष निवडून आला, त्याचा लेखक मात्र घरी बसला. पुढच्या वर्षी त्यांना लॉर्ड केलं.

१९४६ चा राष्ट्रीय विम्याचा कायदा त्यांच्याच आराखड्यावर झाला आणि ५ जुलै १९४८ ला लागू झाला. पण बेकारीचा भाग सरकारने बदलला. बेमुदत भत्ता आणि सहा महिन्यांनंतर प्रशिक्षण, ही जोडी तोडली. त्याऐवजी साधारण तीस आठवड्यांचा भत्ता, आणि ती मुदत संपली की मिळकत तपासून मिळणारी मदत. म्हणजे मागच्या दाराने मीन्स टेस्ट परत आली. तेव्हा बेकारीच नव्हती, त्यामुळे कुणाला फारसं जाणवलं नाही.

आराखड्यात दोषही होते. नवरा कमवणार आणि बायको घर सांभाळणार, असं धरून सगळं लिहिलं होतं. त्यामुळे लग्न झालेल्या नोकरदार बाईला कमी भत्ता. महिला संघटनांनी तेव्हाच यावर टीका केली होती.

याच लाटेचा एक धागा भारतापर्यंत आला. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं. १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर यांना कारखान्यातल्या कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना करायला सांगितलं गेलं. १९४४ साली त्यांचा अहवाल आला आणि छोटा बेव्हरिज म्हणून त्यांची ओळख झाली. त्यातूनच १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. १९४५ साली सैन्यातून परतणाऱ्या जवानांसाठी भारतात एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजही सुरू झाली. कार्ड काढायला लोक रांगा लावायचे ती हीच.

बेव्हरिज शेवटपर्यंत लिहीत होते. इंग्लंडमधल्या जुन्या किमतींचा इतिहास हा त्यांचा आवडता विषय होता. १६ मार्च १९६३ रोजी ऑक्सफर्डमध्ये त्यांचं निधन झालं.

आज हे का वाचायचं?

१९८० च्या दशकात युरोपात मोठी बेकारी परत आली आणि अटी पण परत आल्या. ब्रिटनमध्ये १९९६ साली बेकारभत्त्याचं नावच बदलून जॉबसीकर्स अलाउन्स केलं, म्हणजे भत्ता बेकार असण्याचा नाही, काम शोधण्याचा. २०१२ च्या कायद्यानंतर वारंवार अटी मोडणाऱ्याचा भत्ता तीन वर्षांपर्यंत रोखता येऊ लागला. २०१९ साली ही शिक्षा सहा महिन्यांवर आणावी लागली.

जर्मनीने २००५ साली दीर्घकाळ बेकार असलेल्यांसाठी हार्ट्झ सुधारणा आणल्या. अट मोडली तर भत्ता कापत कापत शून्यावर नेता यायचा. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की अट घालायला हरकत नाही, पण माणसाच्या किमान जगण्यातून तीस टक्क्यांपेक्षा जास्त कापणं घटनेत बसत नाही.

म्हणजे वाद अजून तिथेच आहे, फक्त देश आणि आकडे बदललेत.

अटी कडक करा म्हणणाऱ्यांना वाटतं बेव्हरिज आपले. आणि ते काही प्रमाणात खरंही आहे, कारण बिनशर्त भत्ता त्यांना कधीच मान्य नव्हता. अटी नकोत म्हणणाऱ्यांनाही ते आपले वाटतात, कारण मुदत आणि मीन्स टेस्ट दोन्ही त्यांनी नाकारली.

पण बेव्हरिज यांच्या हिशेबात एक प्रश्न दोन्ही गटांच्या आधी येतो. पुढच्या वेळी कुणी म्हणालं की बेकारांना कडक अटी घाला, तर तो विचारून बघा. या माणसाला आज कोणती नोकरी द्यायची आहे, कुठे, आणि किती पगाराची?

याचं उत्तर असेल तर अट घालायला अर्थ आहे. उत्तर नसेल, तर बेकाराने निदान रांगेत उभं राहून आपली बाजू पाळलेली असते. बाकी राहिलेली असते ती समोरच्या खिडकीची.